पांढरा खेळतो आणि जिंकतो

“सर, तेरावीपण फुटली!”

जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच श्रीनाथ ओरडला. हातात कागदांची गुंडाळी, पायात एकच चप्पल. दुसरी घाईत जिन्यातच राहिली होती. रविवार असल्यामुळे मंडळाच्या खोलीत चारही पटांभोवती माणसं होती. सगळ्यांनी माना वर केल्या. ज्यांच्यासाठी ही बातमी होती ते उपळेकर सर मात्र पटावरची नजर न हलवता म्हणाले, “आधी चप्पल घेऊन ये. कुत्रं नेईल.”

कऱ्हाडच्या आमच्या बुद्धिबळ मंडळाची मी तेव्हा चिटणीस होते. हे पद मला नवऱ्याकडून आलं, त्याच्या स्कूटरसारखंच. तो गेल्यावर दोन्ही चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. खेळ मला बेताचाच येतो. पण माझं सगळं आयुष्य बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला गेलं. समोरचा माणूस काय घेऊन आलाय आणि काय घेऊन जायचं म्हणतोय, ते मला तो तोंड उघडायच्या आधी कळतं. त्यामुळे बाकीचे पटाकडे बघायचे आणि मी खेळणाऱ्यांकडे. माझी करमणूक जास्त व्हायची.

गजानन उपळेकर म्हणजे आमच्या मंडळाचं दैवत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, ताठ, एकटे. खेळायचे उत्तमच, पण नाव झालं ते पोझिशन्स रचण्यासाठी. पटावर मोजक्या सोंगट्या अशा मांडायच्या की जिंकायची चाल एक आणि एकच असावी, आणि ती सहजी कुणाला दिसू नये. खाली ठरलेली ओळ : पांढरा खेळतो आणि जिंकतो. सरांच्या अशा शेकडो पोझिशन्स होत्या. त्यांतली एक परदेशी मासिकात नावानिशी छापून आली होती. तिला आमच्याकडे ‘उपळेकरांचा राजा’ म्हणत, कारण तिच्यात सगळं सोडून राजा गुपचूप एक घर मागे घ्यायचा असतो. नव्या सभासदाला ती घालायची आणि त्याचा घाम बघायचा, हा मंडळाचा रिवाज होता.

श्रीनाथ कोष्टी हा सरांचा शेवटचा आणि सगळ्यांत लाडका विद्यार्थी. इंजिनिअरिंग कॉलेजात तासिकेवर शिकवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी असेल की नसेल हे त्यालाच ठाऊक नसायचं. घरी माळ्यावर बसून त्यानं बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. नाव ठेवलं होतं मुंगी. पुण्यातली एक कंपनी शाळांसाठी बुद्धिबळ शिकवणारं सॉफ्टवेअर काढायच्या बेतात होती आणि तिला असं इंजिन हवं होतं. इंजिन पसंत पडलं तर श्रीनाथला पुण्यात कायमची नोकरी. कंपनीच्या बोंद्रे साहेबांची अट एकच : मुंगीत किती दम आहे, हे कुणा जाणत्या माणसानं मोजून दाखवावं. मोजायचं म्हणजे निवडक पोझिशन्स घालायच्या, प्रत्येकीला ठरावीक वेळ द्यायचा आणि किती सुटतात ते बघायचं. त्या निवडायचं काम आलं उपळेकर सरांकडे.

“लोकांना वाटतं, पेपर सोडवणं अवघड असतं,” सर सांगायचे. “अवघड असतं ते पेपर काढणं. जो प्रश्न सगळ्या वर्गाला येतो तो प्रश्न नाही, हजेरी आहे. जो कुणालाच येत नाही, तोही काढून टाकायचा. त्यानं काहीच मोजलं जात नाही. आणि ज्याला दोन उत्तरं आहेत तो तर मास्तरचा गुन्हा.”

दोन उत्तरं निघाली की पोझिशन ‘फुटली’. जिंकायची दुसरी वाट सापडली, म्हणजे ती चाचणीला बाद. हे तपासायला मशीनच हवं. बाजारातली इंजिनं मिळत होती, पण सरांना ती नको होती. “माझ्या पोझिशन्स परक्या मशीनच्या तोंडी मी घालणार नाही,” म्हणाले. मग घरचं मशीन उरलं ते मुंगी. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याकडूनच पेपर तपासून घ्यायचा, हे जंगम वकिलांनी एकदा बोलून दाखवलं. सर म्हणाले, “वकीलसाहेब, हा कोर्टाचा कारभार नाही. इथे माणसं विश्वासावर चालतात.”

तर त्या रविवारी तेरावी फुटली, आणि तेरावी म्हणजे ‘उपळेकरांचा राजा’.

श्रीनाथ चप्पल घेऊन आला आणि पटावर सोंगट्या मांडू लागला. त्याच्या चेहऱ्यावर शत्रुत्वाचा लवलेश नव्हता. हेच वाईट होतं. पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन घरी येतो तसा तो आला होता.

“राजा मागे घ्यायची गरजच नाही, सर. हत्ती सरळ इकडे आणायचा. लांबतं थोडं, पण जिंकतो. हे बघा, मुंगीनं शेवटापर्यंत काढून दिलंय.”

त्यानं कागद पसरले. सर बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. सबंध खोली सरांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

“काळ्याचा राजा असा जातो?” सरांनी विचारलं.

“हो, मुंगीच्या मते तोच सगळ्यात चांगला बचाव.”

“मशीननं पाहिलंय?”

“लाखो चाली पाहिल्यात, सर.”

“मग बरोबरच असणार,” सर म्हणाले.

“सर, तुमच्या राजाचं अपील फेटाळलं म्हणायचं!” जंगम वकील म्हणाले, आणि खोली हसली. इतकी वर्षं त्या पोझिशनपुढे घाम गाळलेली माणसं ती. सव्याज हसून घेतलं त्यांनी. कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आम्ही हत्ती चालवायचो तेव्हा आम्हीच बरोबर होतो की! आणि सर आम्हाला गाढव म्हणायचे!”

पुन्हा हशा. श्रीनाथही हसला. “सर, अशानं निम्म्या गेल्या बघा. अजून थोड्या काढा नवीन. मुंगीला भूक फार.”

सरही हसले. “शाब्बास,” म्हणाले, आणि आपल्यापुढचा चहा त्याच्याकडे सरकवला. सर मनापासून हसले की चष्मा काढून डोळे पुसतात. त्या दिवशी चष्मा जागचा हलला नाही. मी ते पाहिलं आणि मनात नोंदवलं. पुढे काय होईल ते मात्र मला तेव्हा दिसलं नाही.

बुधवारी संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले होते. रविवारी बोंद्रे साहेब येणार म्हणून खुर्च्या, फराळ, हार असल्या गोष्टी ठरवायच्या होत्या. हार नको, असं सरांचं म्हणणं आणि हार हवाच, असं माझं. तेवढ्यात श्रीनाथ आला. चेहरा उतरलेला.

“बस,” सर म्हणाले. “कोण फुटली?”

“मुंगीच फुटली, सर.”

ओट्याच्या कडेवर बसून त्यानं सांगितलं ते माझ्यासारखीलाही समजलं. डावाच्या शेवटी, पटावर थोड्या सोंगट्या उरल्या की राजानं लपून न बसता पुढे यायचं असतं. कुठे यावं याचा एक तक्ता मुंगीत घातलेला होता. तो पांढऱ्या राजाचा. काळ्या राजासाठी तोच तक्ता उलटा धरायला हवा, कारण तो समोरून येतो. तो उलटा धरायचं श्रीनाथकडून राहिलं होतं. त्यामुळे काळ्या राजाला पुढे जायचं असलं की तो मागे पळायचा.

“पांढऱ्याच्याच नकाशावर चालतोय बिचारा,” श्रीनाथ म्हणाला. “काल हात घातला दुरुस्तीला, तर सगळंच मध्ये बंद पडायला लागलं. नीट करायला आठवडा तरी जाईल. रविवार पुढे ढकलता येईल का, सर?”

सरांनी अडकित्ता उचलला, सुपारी घेतली, कातरली नाही.

“हे कधीपासून आहे?”

“पहिल्यापासूनच असणार, सर. आपल्याला कळायचं कसं? आपण घालतो त्या सगळ्या पोझिशन्स पांढऱ्याच्याच. काळ्यानं जिंकायचंय, असं कधी घातलंच नाही.”

“पहिल्यापासून,” सर म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, “पहिल्यापासून.”

“काय करू?”

“काही करू नकोस. परीक्षेच्या तोंडावर प्रोग्रॅमला हात लावायचा नसतो. रविवारच्या चोवीसही पोझिशन्स पांढऱ्याच्याच आहेत, तूच तपासल्यास ना? मग काळ्याची पाळी येतेच कुठे? साहेब आले की शांतपणे बस. पुढचं पुढे.”

श्रीनाथचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं. सरांच्या पाया पडून तो पायऱ्या उतरून गेला. मी हाराचा विषय पुन्हा काढला, पण सर ऐकतच नव्हते. त्यांनी कोनाड्यातला पट काढला, सोंगट्या मांडल्या आणि एकटेच खेळू लागले. एक चाल पांढऱ्याची, एक काळ्याची. काळा राजा त्यांनी पुढे नेला, आणखी पुढे नेला. मग चष्मा काढला आणि डोळे पुसत हसले.

“आणा हो हार,” मला म्हणाले. “चांगला मोठा आणा.”

रविवारी बोंद्रे साहेब वेळेवर आले. बारीक, चटपटीत माणूस, सारखा घड्याळाकडे बघणारा. श्रीनाथनं नवा शर्ट घातला होता. त्याचे वडील, यंत्रमागावर आयुष्य काढलेले, मागच्या भिंतीशी टोपी हातात धरून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चाचणी सुरू झाली. सर एकेक पोझिशन वाचून दाखवत, श्रीनाथ ती मशीनमध्ये भरे, मुंगी विचार करी, आणि पडद्यावर चाल उमटली की जंगम वकील ती मोठ्या पटावर करून दाखवत. चोवीसपैकी एकवीस सुटल्या. टाळ्या झाल्या. बोंद्रे साहेब पहिल्यांदाच घड्याळ विसरले.

“एक्सलंट!” ते म्हणाले. “सर, माझ्याकडून तरी काही प्रश्न नाही. श्रीनाथ, तू जॉइन कधी—”

“एक छोटीशी गंमत राहिलीय,” सर म्हणाले.

आवाज अगदी गोड होता. त्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“याच पोझिशन्स, साहेब. फक्त पट फिरवायचा. पांढऱ्याच्या जागी काळे, काळ्याच्या जागी पांढरे. कोडं तेच, उत्तर तेच, आरशात पाहिल्यासारखं. ज्याला कोडं समजलंय त्याला काही फरक पडत नाही. मुलांनी उत्तर पाठ केलंय की त्यांना गणित कळलंय, हे बघायला मी वर्गात असंच करायचो. आकडे बदलायचो.”

“ब्रिलियंट,” बोंद्रे म्हणाले. “करू या ना.”

श्रीनाथनं सरांकडे पाहिलं. मी श्रीनाथकडे पाहिलं. त्याला वाटत होतं, सर विसरले. म्हातारा माणूस, गर्दी, उत्साह, होतं असं. त्यानं मान किंचित हलवून सरांना आठवण द्यायचा प्रयत्न केला. सरांनी पहिली पोझिशन वाचायला सुरुवात केली तेव्हा त्याचे हात की-बोर्डवर तसेच पडून राहिले.

“भर ना रे,” सर म्हणाले. “साहेबांना गाडी गाठायचीय.”

त्यानं भरल्या. पहिली चुकली. दुसरी चुकली. तिसरीत काळा राजा, ज्यानं पुढे जायचं, तो कोपऱ्यात जाऊन बसला, आणि जंगम वकील नको तिथे बोलले, “हा तर घाबरून घरीच गेला!” या वेळी हसू अर्धवट राहिलं. दहावी पोझिशनही चुकली. वकिलांनी मोठ्या पटावर चाली दाखवणं सोडून दिलं. चोवीसपैकी सात सुटल्या.

बोंद्रे साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. “या पोझिशन्स याच्याकडे आधी होत्या?”

“त्यानंच तपासल्या ना,” सर म्हणाले.

“म्हणजे उत्तरं मशीनमध्ये भरून ठेवली होती?”

“मी तसं म्हटलेलं नाही,” सर म्हणाले. “मी फक्त पट फिरवला.”

“साहेब, बग आहे तो,” श्रीनाथ म्हणाला. “काळ्याच्या राजाचा तक्ता उलटा धरायचा राहिलाय. उत्तरं कुठे भरलेली नाहीत. तुम्ही कोड बघा, ओळन्‌ ओळ बघा.”

“पकडलं गेलं की सगळ्यांचा बगच असतो,” बोंद्रे म्हणाले.

मागे भिंतीशी उभे असलेले वडील शेजारच्या माणसाला हळूच विचारत होते, “काय झालं? काय म्हणतात ते?” त्या माणसानं तोंड फिरवलं.

तेव्हा मी उठले. मंडळाच्या सभेत मी आभार मानायलाच उठत असे, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

“हा मुलगा खरं बोलतोय, साहेब,” मी म्हटलं. “बुधवारी माझ्यादेखत यानं सरांना हेच सांगितलं. काळ्याचा राजा चुकतो म्हणून. रविवार पुढे ढकला, असंसुद्धा म्हणाला.”

खोलीभर कुजबुज झाली. श्रीनाथनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला पाण्यातून वर ओढलंय. मी सरांकडे पाहिलं. आता हा माणूस काय उत्तर देतो ते बघू, म्हणून. सर शांत होते. माझ्या उठण्याचीच वाट बघत असल्यासारखे.

“इंदूताई खरं तेच सांगतायत,” ते म्हणाले. “सांगितलं होतं त्यानं.”

“एक मिनिट,” बोंद्रे श्रीनाथकडे वळले. “म्हणजे तुला बुधवारीच माहीत होतं, की तुझं इंजिन अर्ध्या बाजूनं चालत नाही? आणि आता मी तुला जॉइन कधी होतोस विचारत होतो, तेव्हा तू गप्प बसून ऐकत होतास?”

“सरच म्हणाले होते—” मी सुरुवात केली.

“मी म्हणालो, प्रोग्रॅमला हात लावू नकोस,” सर म्हणाले. “परीक्षेच्या तोंडावर कुणीही शहाणा माणूस तेच सांगेल. साहेबांना सांगू नकोस, असं काही मी म्हणालो नव्हतो. म्हणालो होतो का, श्रीनाथ?”

“नाही, सर,” श्रीनाथ म्हणाला.

“इंदूताई?”

मला नाही म्हणावं लागलं. मी आयुष्यात दिलेली सगळ्यात खरी साक्ष ती, आणि तिनंच तो मुलगा संपला. चोरीचा संशय होता तोवर निदान झगडायला जागा होती. आता चोरीही राहिली नाही, नुसता खोटेपणा उरला, आणि तो माझ्या तोंडून सिद्ध झाला होता.

हार आणलेला होता. तो बोंद्रे साहेबांना घातला गेला. आणल्यावर करणार काय? फराळ करता करता साहेब सरांच्या शेजारी जाऊन बसले. इंजिन काय, कुठलंही मिळेल, म्हणाले. ते पारखणारा माणूस मिळत नाही. आजची ती पट फिरवण्याची युक्ती त्यांच्या मनात भरली होती. सर पुण्याला याल का? पोझिशन्स निवडायच्या, रचायच्या, प्रत्येक नव्या इंजिनाची परीक्षा घ्यायची. राहायची सोय कंपनी करेल.

सरांनी शेवेचा घास संपवला. “मला कॉम्प्युटर येत नाही,” म्हणाले. “हाताखाली कुणीतरी लागेल. पोझिशन्स भरायला, तपासून सांगायला.”

“देऊ ना. कुणी बघितलंय का?”

सरांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. श्रीनाथ मशीनच्या वायरी गुंडाळत होता, वडील पडद्याचा खोका धरून उभे होते.

“हा मुलगा चालेल मला,” सर म्हणाले. “हुशार आहे. माझ्या हाताची सवय आहे त्याला. चूक झाली, पण लहान आहे. माझ्या जबाबदारीवर घ्या.”

बोंद्रे साहेबांना गहिवरून आलं. “काय माणूस आहात तुम्ही, सर,” म्हणाले. जंगम वकिलांनी रुमाल काढला. श्रीनाथच्या वडिलांना कुणीतरी समजावून सांगितलं की पोराची नोकरी गेली होती ती सरांनी परत मिळवून दिली, आणि त्या माणसानं खोका खाली ठेवून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाठोपाठ श्रीनाथला ठेवावं लागलं.

“येशील ना रे?” सरांनी विचारलं.

“येईन, सर.”

खोली रिकामी झाल्यावर मी सरांना जिन्यात गाठलं. “का केलंत हे?” मी विचारलं. “एक पोझिशन फुटली म्हणून?”

“तीच तर गोष्ट आहे, इंदूताई.” सर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. “फुटली नव्हती. हत्तीच्या चालीनं डाव जिंकला, कारण त्याचा काळा राजा उलटा पळत होता. तो जरा शहाण्यासारखा पुढे आला की डाव बरोबरी. बुधवारी मांडून बघितलं मी. माझा राजा शाबूत आहे.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं त्याला.”

“त्याला सुचायला नको? स्वतःच्या तोंडानं सांगतोय, पहिल्यापासून चूक आहे म्हणून. मग या मशीननं फोडलेल्या पोझिशन्सचं काय, असं एकदा तरी मनात यायला नको? माझ्यासमोर बसून रविवारची काळजी करत होता. स्वतःच्या.”

“लहान आहे तो.”

“तुम्ही सगळे हसलात, तुम्ही तर मोठे होतात ना?” सर म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या महिन्यात दोघं एकाच गाडीनं पुण्याला गेले. सरांची बॅग श्रीनाथच्या हातात होती.

मध्ये आठ-नऊ वर्षं गेली. भाचीच्या लग्नाला पुण्यात गेले होते, तेव्हा श्रीनाथचा फोन आला, ऑफिस बघायला याच म्हणून. काचेची मोठी इमारत होती. श्रीनाथ तिथे आता विभागाचा प्रमुख होता, अंगानं भरलेला, केस मागे गेलेले. कोपऱ्यातल्या एका खोलीत सर बसले होते. डोळे जवळजवळ गेले होते. सोंगट्या बोटांनी चाचपून ओळखत. पडदा त्यांना दिसत नव्हता. पुढ्यात पट, आणि त्यावर त्या दिवशीची नवी पोझिशन.

“इंदूताई, बसा,” मला म्हणाले. “जरा नाजूक काम चाललंय. हं, श्रीनाथ, सांग.”

श्रीनाथनं पोझिशन मशीनमध्ये भरली. पडद्याकडे पाहत राहिला. मग अगदी हळुवार आवाजात म्हणाला, “फुटली, सर.”

“कुठे?”

“उंट मागे घेतला तरी जिंकतो. जरा लांबतं.”

सरांची बोटं पटावरून फिरली, उंटावर थांबली. चालीमागून चाल मनात धरायचा त्यांनी प्रयत्न केला. ओठ हलत होते. मध्येच कुठेतरी दोरा तुटला. “असेल,” म्हणाले. “मशीननं पाहिलंय म्हणजे असेल.” आणि सोंगट्या उचलायला लागले. तेवढ्या वेळात आणखी दोन पोझिशन्स त्यांनी सांगितल्या. त्याही फुटल्या. चहा आणणारी बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, “पोटचा मुलगा करणार नाही एवढं करतात हे साहेब. रोज घरून आणतात, रोज सोडतात. जेवण भरवायचं तेवढं बाकी ठेवलंय.”

श्रीनाथ मला लिफ्टपर्यंत पोचवायला आला.

“खरंच सगळ्या फुटतात?” मी विचारलं.

“छे हो, काकू. अजून काय डोकं आहे त्यांचं! दहातल्या सहा-सात तरी पक्क्या असतात. इतक्या भरवशाच्या पोझिशन्स कुठे मिळायच्या नाहीत. आमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची परीक्षा त्यांच्यावरच होते.”

“मग त्यांना सांगत का नाहीस?”

“इथे आल्यावर दुसऱ्या महिन्यात मी तो बग काढला,” तो म्हणाला. “सहज म्हणून त्यांचा तो राजा पुन्हा घालून बघितला. फुटलाच नव्हता. धावत गेलो हो सांगायला. रडायलाच आलं होतं मला. म्हटलं, सर, माझं चुकलं, तुमचा राजा बरोबर आहे. तर म्हणाले, ‘माहीत आहे. बुधवारपासून माहीत आहे.’”

लिफ्ट आली, उघडली, मिटली.

“बुधवारपासून,” श्रीनाथ म्हणाला. “तुम्ही होतात ना तिथे? माझ्या वडिलांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, काकू. गेले तेव्हासुद्धा सरांचा फोटो लावा म्हणत होते.”

माझी पर्स आत राहिली होती. ती आणायला मी पुन्हा त्या खोलीत गेले. सरांनी माझी पावलं ओळखली.

“इंदूताई, जरा थांबा.” त्यांनी आवाज खाली आणला. “एक विचारतो. माझ्या हातून आता एकही धड पोझिशन होत नाही. तीन वर्षं झाली, एक टिकलेली नाही. माझं डोकं गेलं, की— तुम्ही बाहेर बोलत होतात त्याच्याशी. काही म्हणाला का तो?”

त्यांची नजर माझ्या खांद्याच्या थोडी बाजूला लागलेली होती. उत्तर काय द्यायचं ते माझ्या तोंडाशी होतं. खरं होतं, आणि माझ्यादेखतचंच होतं. पण माझ्या खऱ्या साक्षीचं काय होतं, ते मी एकदा पाहिलेलं होतं. कंपनीत या म्हाताऱ्याला घरी नेणारा, आणणारा तोच एक होता. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सरांनी कुणाचा हात धरून यायचं होतं?

“तुमची फार काळजी करतो म्हणाला,” मी म्हटलं.

“करतो,” सर म्हणाले. “करतो खरी.” आणि चाचपडत पुढची पोझिशन मांडायला लागले.